छिन्नमनस्कतेतील बोधनिक न्यूनता आणि मेंदूतील संदेशवहन : प्राणी-प्रतिमानांच्या आधारे एक विवेचन

सारांश

छिन्नमनस्कता या मनोविकारातील भास आणि संभ्रम ही लक्षणे सर्वपरिचित आहेत. तथापि रुग्णाचे शिक्षण, नोकरी आणि स्वावलंबन प्रामुख्याने ज्या कारणाने खुंटते, ती स्मृती, अवधान आणि नियोजन यांतील न्यूनता मात्र दुर्लक्षित राहते. उपलब्ध औषधांनी ती फारशी भरून येत नाही. या न्यूनतेचे मूळ मेंदूतील संदेशवहनात शोधण्यासाठी माकडे आणि उंदीर यांच्यावर गेली अनेक दशके संशोधन चालू आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाचे प्रमुख टप्पे, त्यांतून मिळालेले ज्ञान आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : छिन्नमनस्कता, बोधनिक न्यूनता, कार्यरत स्मृती, चेतापारेषक, प्राणी-प्रतिमान.

प्रस्तावना

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९० च्या दशकात तरुण वयात सुरू होणाऱ्या एका गंभीर मनोविकाराचे वर्णन 'अकाली बुद्धिभ्रंश' अशा अर्थाच्या लॅटिन संज्ञेने केले. पुढे १९०८ मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याच विकारास 'स्किझोफ्रेनिया' हे नाव दिले. मराठीत त्यास छिन्नमनस्कता असे म्हटले जाते. क्रेपेलिन यांच्या संज्ञेत बुद्धीच्या ऱ्हासावर भर होता, तर ब्लॉयलर यांच्या संज्ञेत मनोव्यापारांच्या विघटनावर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र उपचार आणि संशोधन या दोहोंचे लक्ष भास व संभ्रम यांच्यावरच केंद्रित झाले. बौद्धिक न्यूनतेचा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोक, म्हणजे दर ३०० व्यक्तींमागे साधारण एक व्यक्ती, या विकाराने ग्रस्त होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ मधील चित्रपटामुळे हा विकार मराठी प्रेक्षकांपुढे सहानुभूतीने मांडला गेला. या विकाराचा आरंभ बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत होतो. हेच वय महाविद्यालयीन शिक्षणाचे असते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकशास्त्राचा नसून शिक्षणक्षेत्राशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

उद्दिष्टे

१. छिन्नमनस्कतेतील बोधनिक न्यूनतेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. या न्यूनतेमागील मेंदूतील संदेशवहनाच्या बिघाडाविषयी प्राणी-प्रतिमानांतून मिळालेल्या ज्ञानाचा आढावा घेणे.
३. प्राण्यांवरील निष्कर्ष मानवास लागू करताना येणाऱ्या मर्यादांची चिकित्सा करणे.

बोधनिक न्यूनतेचे स्वरूप

छिन्नमनस्कतेची लक्षणे तीन गटांत विभागली जातात. पहिल्या गटात भास, संभ्रम आणि विस्कळीत विचार येतात. निरोगी अवस्थेत नसलेले काहीतरी येथे अधिकचे दिसते, म्हणून त्यांना धन लक्षणे म्हणतात. दुसरा गट ऋण लक्षणांचा असून त्यात भावनांची निस्तेजता, प्रेरणेचा अभाव आणि समाजापासून दुरावणे यांचा समावेश होतो. तिसरा गट बोधनिक न्यूनतेचा होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने या शतकाच्या प्रारंभी झालेल्या प्रकल्पात तिची सात क्षेत्रे निश्चित करण्यात आली : माहिती-प्रक्रियेचा वेग, अवधान, कार्यरत स्मृती, शाब्दिक अध्ययन, दृश्य अध्ययन, तर्क व समस्या-परिहार आणि सामाजिक बोधन.

यांपैकी कार्यरत स्मृतीची संकल्पना पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. एखादी माहिती काही सेकंद मनात धरून ठेवून तिचा उपयोग करणे म्हणजे कार्यरत स्मृती होय. दुकानदाराने सांगितलेली रक्कम लक्षात ठेवून सुटे पैसे मोजणे, व्याख्यानातील आधीचे वाक्य मनात ठेवून पुढील वाक्याचा अर्थ लावणे, ही तिची नित्याची उदाहरणे होत. ही क्षमता दुबळी झाली तर औषधाने भास थांबूनही रुग्णास पूर्वीचे काम किंवा अभ्यास पेलत नाही. रुग्ण पुन्हा नोकरी करू शकेल काय, एकटा राहू शकेल काय, याचा अंदाज भासांच्या तीव्रतेपेक्षा बोधनिक क्षमतेवरून अधिक चांगला करता येतो, असे १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. शिवाय ही न्यूनता बहुतेक वेळा भास सुरू होण्यापूर्वीच अस्तित्वात असते. यावरून ती केवळ भासांचा परिणाम नाही, हे उघड होते.

प्राणी-प्रतिमान : संकल्पना आणि निकष

उंदराला आवाज ऐकू येतात काय, किंवा आपल्याविरुद्ध कट शिजतो आहे असे त्यास वाटते काय, हे जाणण्याचा कोणताही मार्ग नाही. त्यामुळे संपूर्ण छिन्नमनस्कता प्राण्यात निर्माण करणे शक्य नाही. परंतु काही क्षण आठवण धरून ठेवणे, नियम बदलल्यावर वर्तन बदलणे, अनावश्यक उद्दीपकाकडे दुर्लक्ष करणे या क्षमता माकडात आणि उंदरातही मोजता येतात. म्हणूनच बोधनिक न्यूनता हे प्राणी-संशोधनास सर्वांत अनुकूल असे लक्षण ठरले आहे.

प्रतिमानाची पारख तीन निकषांवर केली जाते. प्राण्याचे वर्तन रुग्णाच्या लक्षणासारखे दिसणे ही दर्शनी यथार्थता होय. बिघाडाचे कारण आणि यंत्रणा मानवातील बिघाडाशी जुळणे ही रचनात्मक यथार्थता होय. प्राण्यात गुणकारी ठरलेले औषध मानवातही गुणकारी ठरणे ही भाकितात्मक यथार्थता होय. तिसरा निकष सर्वांत कठीण आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

डोपामाइन : एकाच मेंदूत अतिरेक आणि अभाव

चेतापेशी परस्परांशी चेतापारेषक नावाच्या रसायनांद्वारे संदेशवहन करतात. एका पेशीतून बाहेर पडलेले रसायन दुसऱ्या पेशीवरील ग्राही प्रथिनांस चिकटते आणि ती पेशी उद्दीपित किंवा शांत होते. १९५२ मध्ये पॅरिस येथे जाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोविकारावरील गुण दाखवून दिला. अशी औषधे डोपामाइन या चेतापारेषकाच्या कार्यात अडथळा आणतात, हा विचार स्वीडनचे अर्विद कार्लसन यांच्या १९६३ मधील उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आला. १९७० च्या दशकाच्या मध्यास ही औषधे डोपामाइनच्या डी-२ ग्राहींना रोखतात हे सिद्ध झाले. त्यावरून छिन्नमनस्कतेत डोपामाइनचा अतिरेक असतो, असे गृहीतक मांडले गेले.

मात्र बोधनिक न्यूनतेच्या बाबतीत हे गृहीतक अपुरे पडले. कपाळामागील मेंदूचा जो भाग प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या नावाने ओळखला जातो, तो कार्यरत स्मृतीचे केंद्र आहे. अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये ऱ्हीसस माकडांच्या या भागातील डोपामाइन नष्ट केले. त्यानंतर माकडांना मधल्या विरामानंतर योग्य बाजू निवडणे जमेनासे झाले. तो भागच काढून टाकल्यावर जेवढी हानी होते, जवळजवळ तेवढीच ही हानी होती. पुढे १९९१ मध्ये याच भागातील डी-१ ग्राही रोखल्यासही कार्यरत स्मृती बिघडते, असे आढळले. नंतरच्या प्रयोगांत या ग्राहींचे उद्दीपन प्रमाणाबाहेर वाढवले तरीही स्मृती बिघडते, असे दिसले. म्हणजे डोपामाइन कमी झाले तरी हानी आणि फार वाढले तरी हानी. मधल्या मर्यादेतच कार्य उत्तम चालते.

अशा रीतीने मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटममध्ये डोपामाइनचा अतिरेक आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये त्याची उणीव, असे दुहेरी चित्र पुढे आले. डी-२ ग्राही रोखणारे औषध पहिल्यावर परिणाम करते, परंतु दुसरीस दूर करीत नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर दीर्घकाळ हॅलोपेरिडॉल दिलेल्या माकडांची कार्यरत स्मृती खालावल्याचे दिसले. डी-१ ग्राहींना उद्दीपित करणारे द्रव्य अल्पकाळ दिल्यावर ती सुधारली आणि ही सुधारणा दीर्घकाळ टिकली. मनोविकारावरील औषध आणि बोधनिक क्षमता यांचे नाते सरळ नसते, याचा हा बोलका पुरावा होय.

या दोन बिघाडांचा परस्परसंबंध कसा असावा, याचे एक उत्तर २००६ मध्ये एरिक कँडल यांच्या प्रयोगशाळेतून मिळाले. क्रिस्टोफ केलेनडाँक, एलिनॉर सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी असे लहान उंदीर तयार केले की ज्यांच्या केवळ स्ट्रायटममध्ये डी-२ ग्राही वाढलेले होते आणि ही वाढ हवी तेव्हा बंद करता येत होती. या उंदरांची कार्यरत स्मृती दुबळी होती आणि त्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील डोपामाइनचे कार्यही बदललेले होते. प्रौढपणी ग्राहींची वाढ बंद केली, तरीही स्मृतीतील न्यूनता कायम राहिली. वाढीच्या काळात झालेला बदल नंतर कारण दूर करूनही भरून आला नाही, असा याचा अर्थ होतो. विशीत सुरू केलेली औषधे बोधनिक न्यूनता का दूर करीत नाहीत, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण येथे सापडते.

ग्लुटामेट, गाबा आणि मेंदूची लय

डोपामाइनपलीकडे पाहण्याची प्रेरणा एका भूल देणाऱ्या औषधामुळे मिळाली. फेन्सायक्लिडिन हे १९५६ मध्ये प्रथम तयार केलेले द्रव्य दिलेल्या व्यक्तींमध्ये छिन्नमनस्कतेसारखी लक्षणे दिसतात, असे १९५९ मध्ये नोंदवले गेले. हे द्रव्य आणि त्याच्या जातीचे केटामिन ही दोन्ही ग्लुटामेट या प्रमुख उद्दीपक चेतापारेषकाच्या एनएमडीए ग्राहींना रोखतात, हे १९८३ मध्ये सिद्ध झाले. १९९४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना अल्प मात्रेत केटामिन दिले असता धन व ऋण लक्षणांबरोबर बोधनिक न्यूनताही तात्पुरती दिसून आली. डोपामाइन वाढवणाऱ्या अँफेटामिनमुळे प्रामुख्याने धन लक्षणे उद्भवतात. त्यामुळे एनएमडीए ग्राहींचे क्षीण कार्य हे या विकाराचे अधिक व्यापक स्पष्टीकरण ठरू शकते, असा विचार बळावला.

येथे एक कोडे उभे राहते. उद्दीपक ग्राही रोखल्यास मेंदूचे कार्य मंदावले पाहिजे. प्रत्यक्षात मोठ्या उंदरांना केटामिन दिल्यावर प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये ग्लुटामेटचे स्रवण वाढते, असे बिटा मोघद्दम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. २००७ मधील त्यांच्या अभ्यासात याचे कारण पुढे आले. एनएमडीए ग्राही रोखल्यावर प्रथम दमनकारी चेतापेशींचे कार्य घटते आणि त्यांचा धाक सुटल्याने उद्दीपक पेशी अनियंत्रितपणे संदेश सोडू लागतात. गाड्यांची संख्या वाढली, परंतु चौकातील वाहतूक पोलीसच हटला, अशीच काहीशी ही अवस्था असते.

या दमनकारी पेशी गाबा या चेतापारेषकाचा वापर करतात. त्यांपैकी पार्व्हअल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या पेशी विशेष महत्त्वाच्या आहेत. त्या आसपासच्या शेकडो पेशींना एका तालात आणतात आणि त्यातून सेकंदाला साधारण ३० ते ८० आवर्तनांच्या गॅमा लहरी निर्माण होतात. छिन्नमनस्क रुग्णांच्या मरणोत्तर मेंदूत गाबा तयार करणाऱ्या विकराचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. २०१५ मध्ये विकास सोहल यांच्या गटाने अशा पेशींत जन्मजात दोष असलेल्या उंदरांवर प्रयोग केला. या उंदरांना नियम बदलल्यावर वर्तन बदलणे जमत नव्हते. त्यांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील दमनकारी पेशींना प्रकाशाच्या साहाय्याने गॅमा लयीत उद्दीपित केल्यावर ही क्षमता सुधारली. म्हणजे संदेशवहनात रसायनाच्या प्रमाणाइतकेच लयीलाही महत्त्व आहे.

विकासात्मक प्रतिमाने

छिन्नमनस्कतेचे बीज जन्मापूर्वी वा बालपणी पेरले जाते आणि त्याची लक्षणे तारुण्यात प्रकट होतात, हा विचार पडताळण्यासाठी विकासात्मक प्रतिमाने निर्माण झाली. बार्बरा लिप्स्का आणि डॅनिएल वाइनबर्गर यांनी १९९३ मध्ये सात दिवसांच्या मोठ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाच्या खालच्या अंगास इजा केली. लहान वयात ही पिले नव्या परिसरात सामान्यांप्रमाणेच वागली, परंतु वयात आल्यावर नवे वातावरण आणि अँफेटामिन यांना त्यांचा प्रतिसाद अतिरेकी झाला.

दुसऱ्या प्रतिमानात गर्भारपणाच्या सतराव्या दिवशी मादीस पेशीविभाजन रोखणारे एक द्रव्य दिले जाते. उंदराचा गर्भकाळ सुमारे बावीस दिवसांचा असतो. अँथनी ग्रेस आणि सहकाऱ्यांनी दाखवल्यानुसार अशा पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये पार्व्हअल्ब्युमिनयुक्त दमनकारी पेशी कमी असतात, तो भाग अतिक्रियाशील होतो आणि डोपामाइन-पेशींना अवाजवी चेतना देतो. दमनकारी पेशी, हिप्पोकॅम्पस आणि डोपामाइन हे तीन स्वतंत्र वाटणारे धागे येथे एकत्र येतात. अशा उंदरांना पौगंडावस्थेच्या काळात तणाव कमी करणारे डायझेपाम दिल्यास प्रौढपणीचा डोपामाइनचा अतिरेक टळतो, असे २०१३ मध्ये आढळले. वेळेवर केलेला हस्तक्षेप विकाराची वाट बदलू शकेल, ही आशा यातून निर्माण झाली.

जनुकीय प्रतिमाने

बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच गळालेल्या व्यक्तींपैकी सुमारे चतुर्थांश व्यक्तींना पुढे छिन्नमनस्कता किंवा तत्सम मनोविकार होतो. उंदरात याच्याशी समांतर असा भाग सोळाव्या गुणसूत्रावर आहे. तो काढून तयार केलेले उंदीर रचनात्मक यथार्थतेच्या दृष्टीने सर्वांत भक्कम प्रतिमानांपैकी एक मानले जातात.

या उंदरांवरील कोलंबिया विद्यापीठातील टॉर्फी सिगुर्डसन, जोशुआ गॉर्डन आणि सहकाऱ्यांचा २०१० मधील अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. त्यात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा मार्ग वापरला गेला. प्रथम उंदरास एकाच बाजूस जाऊ दिले जाते. थोड्या विरामानंतर दोन्ही बाजू मोकळ्या केल्या जातात आणि पूर्वी न गेलेल्या बाजूस गेल्यासच खाद्य मिळते. सामान्य उंदीर हे काम करताना हिप्पोकॅम्पसमधील संथ थीटा लहरी आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील पेशींचे स्पंदन यांचा मेळ वाढतो. जनुकीय दोष असलेल्या उंदरांत हा मेळ क्षीण होता. ज्या उंदरात तो अधिक क्षीण, त्यास हे काम शिकण्यास अधिक काळ लागला. दोन्ही केंद्रे कार्य करीत होती, परंतु त्यांच्यातील संवाद तुटलेला होता. रुग्णांच्या मेंदूचे चित्रण करणाऱ्या अभ्यासांतही या दोन भागांचा परस्परसंबंध बदललेला आढळतो.

याच उंदरांना वाढीच्या काळात एका विशिष्ट विकरास रोखणारे द्रव्य दिल्यावर स्मृती आणि लहरींचा मेळ ही दोन्ही सुधारली, असे २०१६ मध्ये दिसले. छिन्नमनस्कतेचा धोका बराच वाढवणाऱ्या सेटडी-१-ए या दुसऱ्या जनुकाच्या बाबतीत २०१९ मध्ये याहून आशादायक निष्कर्ष निघाला. तेथे प्रौढ उंदरांवर केलेल्या औषधोपचारानेही कार्यरत स्मृती सुधारली. प्रौढपणी सर्व दारे बंद होतात, असे सरसकट म्हणता येणार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे

प्राण्यांतील यशाचे मानवातील यशात रूपांतर मात्र अपेक्षेइतके झालेले नाही. मोघद्दम आणि अ‍ॅडम्स यांनी १९९८ मध्ये ग्लुटामेटचे अतिरिक्त स्रवण आवरणाऱ्या एका द्रव्याने फेन्सायक्लिडिनचे दुष्परिणाम उंदरांत दूर केले. त्याच तत्त्वावरील औषध २००७ मधील मानवी चाचणीत गुणकारी वाटले, परंतु पुढील मोठ्या चाचण्यांत अपयश आल्याने २०१२ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. एनएमडीए ग्राहींना साहाय्य करणारे बिटोपर्टिन हे औषध २०१४ मध्ये ऋण लक्षणांवर निष्प्रभ ठरले. खास बोधनिक न्यूनतेसाठी विकसित केलेले इक्लेपर्टिनही २०२५ च्या प्रारंभी अंतिम टप्प्यातील चाचण्यांत अपयशी ठरले.

याउलट झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम यांचे संयुक्त औषध अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये छिन्नमनस्कतेसाठी मान्य झाले. ते डोपामाइनच्या ग्राहींना थेट न रोखता अ‍ॅसिटिलकोलिनच्या ग्राहींवर कार्य करते. झॅनोमेलिनचा मनोविकारावरील गुण मात्र १९९० च्या दशकात अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचणीत प्रथम लक्षात आला होता. बोधनिक न्यूनतेसाठी स्वतंत्रपणे मान्य झालेले औषध अद्याप उपलब्ध नाही.

या अपयशाची कारणे अनेक आहेत. एकदा वा काही दिवस द्रव्य देऊन उत्पन्न केलेला बिघाड हा वीस वर्षांच्या विकासातून उद्भवलेल्या विकाराची बरोबरी करू शकत नाही. प्रयोगातील उंदीर एकाच वंशाचे असतात. रुग्ण मात्र जनुके, आयुष्य आणि पूर्वीचे उपचार या सर्वच बाबतींत भिन्न असतात. २०२२ मधील जागतिक अभ्यासात या विकाराशी निगडित २८७ जनुकीय स्थाने आढळली. त्यामुळे एका जनुकाचे प्रतिमान सर्व रुग्णांचे प्रतिनिधित्व करू शकत नाही. उंदराचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मानवाच्या तुलनेत अत्यंत साधा असतो. शिवाय उंदीर मार्ग शोधतो, तर रुग्णास शब्दांची यादी आठवायला सांगितली जाते. दोन्हींस स्मृती म्हटले, तरी मोजले जाते ते एकच असेलच असे नाही. म्हणून स्पर्शपटलावरील कसोट्या आणि ध्वनीला मेंदूने दिलेला विद्युत-प्रतिसाद अशी मानव व प्राणी या दोहोंत सारख्याच पद्धतीने मोजता येणारी मापने आता अधिक वापरली जात आहेत.

निष्कर्ष

१. छिन्नमनस्कतेतील बोधनिक न्यूनता ही एका रसायनाच्या अतिरेकाने स्पष्ट होत नाही. डोपामाइन, ग्लुटामेट आणि गाबा यांच्या परस्परसंबंधातील बिघाड तिच्या मुळाशी असावा, असे प्राणी-प्रतिमानांतून दिसते.
२. मेंदूच्या एखाद्या भागाच्या दुर्बलतेइतकाच दोन भागांतील लयबद्ध संवादाचा अभाव महत्त्वाचा आहे.
३. बिघाडाचा आरंभ लक्षणांच्या कितीतरी आधी होतो; म्हणून हस्तक्षेपाची वेळ निर्णायक ठरू शकते.
४. प्रतिमान म्हणजे विकाराची प्रतिकृती नव्हे. एखाद्या यंत्रणेविषयीचा नेमका प्रश्न विचारण्याचे ते साधन आहे. त्याकडून अधिक अपेक्षा केल्यानेच अनेकदा निराशा पदरी आली.

समारोप

उंदराच्या मेंदूतील लहरींचा मेळ आणि महाविद्यालयातील वर्ग यांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. परंतु दुसऱ्या वर्षापर्यंत चांगला असलेला एखादा विद्यार्थी अचानक मागे पडतो, टिपणे अर्धवट सोडतो, सांगितलेले विसरतो आणि वर्गापासून दुरावतो, तेव्हा त्यास आळशी वा बेशिस्त ठरवणे सोपे असते. अशा घसरणीची कारणे बहुतेक वेळा अन्यच असतात आणि केवळ गुणांवरून कोणत्याही विकाराचे निदान करता येत नाही. तथापि स्मृती आणि अवधान यांचा ऱ्हास हा इच्छाशक्तीचा दोष नसून मेंदूतील संदेशवहनाचा बिघाडही असू शकतो, हे उपरोक्त संशोधनाने दाखवून दिले आहे. औषध अद्याप हाती आलेले नसले, तरी ही जाणीव शिक्षकास आजच अंगीकारता येण्यासारखी आहे. अशा विद्यार्थ्यास दोष देण्याऐवजी वेळेवर तज्ज्ञाकडे पाठवणे, आणि उपचारानंतर परतलेल्या विद्यार्थ्यास अभ्यासासाठी अधिक वेळ व लेखी सूचना देणे, या गोष्टी त्याचे शिक्षण सुरू राहण्याच्या दृष्टीने मोलाच्या ठरू शकतात.